गंजलेलं लोखंड सापडलं तर: तारेचा ब्रश आधी बाजूला ठेवा

हिंगणा तालुक्यात माझ्या मामाच्या वावरात शेततळ्याचं खोदकाम चालू होतं. जेसीबीनं काढलेल्या मातीच्या ढिगात मामाला दोन तपकिरी ढेकळं दिसली. उचलून पाहिली तर मातीच्या मानानं फारच जड. "पोरी, तू पाह्य बरं, हे काय होय," म्हणत त्यानं ती खताच्या रिकाम्या पिशवीत घालून माझ्या हाती दिली. मी शाळेत चित्रकला शिकवते. घरात जुन्या वस्तूंचा नाद फक्त मलाच, म्हणून मान माझा.

नागपूरला आणून एक ढेकूळ मी रात्रभर चिंचेच्या पाण्यात ठेवलं आणि सकाळी तारेच्या ब्रशनं घासलं, पितळेची समई घासावी तसं. तासाभरानं हातात उरली एक काळपट, बारीक पट्टी. तिला ना धार, ना टोक. दुसरं ढेकूळ ओल्या मातीसकट प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून माळ्यावर टाकलं. दिवाळीच्या साफसफाईत पिशवी सोडली तर आत पापुद्रे आणि पिवळट भुगा.

पहिल्या ढेकळाचा घासण्याआधीचा एक हललेला मोबाइल फोटो तेवढा राहिला. काही वर्षांनी विदर्भातल्या उत्खननांची रेखाचित्रं चाळताना माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड इथल्या लोखंडी कुऱ्हाडी पाहिल्या. पातं दांड्याला घट्ट बसावं म्हणून त्यांच्यावर लोखंडी पट्ट्यांची फुली आवळलेली असते. विदर्भातल्या महापाषाणीय काळाच्या, म्हणजे मोठे दगड रचून दफनं करायचे त्या काळाच्या, लोखंडाची ही खास ओळख. मी तो फोटो उघडून मोठा करून पाहिला. फुगलेल्या गंजात फुलीसारखा पुसट उंचवटा होता. तो मीच घासून काढला होता.

तेव्हापासून गावोगावचे ओळखीचे लोक मला फोन करतात, मी सुट्टीच्या दिवशी जाते, नोंद करते आणि पुढे योग्य ठिकाणी कळवते. शेतात, विहिरीच्या खोदकामात, घराच्या पायव्यात, नाल्याच्या काठावर असं काही दिसलं तर काय करायचं, ते खाली क्रमानं लिहिते. मुद्दाम वस्तू शोधायला जाण्यासाठी हे लिहिलेलं नाही. परवान्याशिवाय उत्खनन करता येत नाही, आणि मेटल डिटेक्टर घेऊन वावरं पालथी घालणाऱ्यांशी माझं जमत नाही.

सुरुवातीला गंज समजून घ्या. हे कळलं की पुढच्या निम्म्या सूचना सांगाव्याच लागत नाहीत. लोखंड जमिनीत पडून राहिलं की त्यातलं लोह हळूहळू विरघळून बाहेर सरकतं आणि भोवतालच्या मातीत गंज होऊन बसतं. त्या गंजात वाळूचे कण, खडे, कधी मुळं अडकतात. हा झाला बाहेरचा थर, खडबडीत आणि मातकट. त्याच्या आत घट्ट, गडद गंजाचा थर असतो आणि त्यात वाळूचे कण नसतात. वस्तूचा मूळ पृष्ठभाग बहुतेक वेळा या दोन थरांच्या सीमेवर असतो. त्याच्याही आत धातू उरला असेल किंवा नसेल. म्हणजे 'चकाकणारं लोखंड लागेपर्यंत' घासत गेलं की खरा पृष्ठभाग केव्हाच मागे पडतो आणि आपण वस्तूच्या पोटात शिरलेलो असतो. माझ्या कुऱ्हाडीचं हेच झालं.

शिवाय दांड्याचं लाकूड, म्यानाचं चामडं, गुंडाळलेलं कापड या गोष्टी मातीत कुजून जातात, पण लोखंडाला चिकटून असल्या तर गंज त्यांचा ठसा धरून ठेवतो. लाकडाचे उभे तंतू किंवा कापडाची वीण गंजातच दगडासारखी झालेली दिसते. एका सुरीच्या मुठीकडच्या टोकाला मी भिंगातून असे तंतू पाहिले आहेत, आगपेटीच्या काडीवर दिसतात तसेच, फक्त तपकिरी. बोटानं चोळले असते तर गेले असते.

सोबत काय न्यायचं

फार खर्च नाही. जवळजवळ सगळं घरात किंवा स्टेशनरीच्या दुकानात मिळतं.

- पाठकोरी नसलेली जाड वही, पेन्सिल (पेनाची शाई पावसात फुटते)
- १५ सेंटिमीटरची फूटपट्टी आणि ५ मीटरचा टेप
- मऊ रंगाचा ब्रश. चित्रकलेतला चपटा चालतो, दात घासायचा नको
- फ्रिजवर लावतात तसला छोटा चुंबक, दोऱ्याला बांधलेला
- दहापट मोठं दाखवणारं भिंग
- आलेख कागद, व्हर्निअर कॅलिपर, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा
- झिपच्या पिशव्या, घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे), पातळ फोम
- मोबाइल, आणि त्याची पॉवर बँक. ऐन वेळी बॅटरी संपते, दरवेळी

कागदपत्रांपैकी शेताचा सातबारा किंवा निदान मौजा, पटवारी हलका नंबर आणि खसरा किंवा गट नंबर लागतो. जागा दुसऱ्याची असेल तर मालकाची संमती घ्या, शक्यतो लेखी. पुढे अर्ज करताना तुमचं आणि मालकाचं ओळखपत्र जोडावं लागू शकतं.

१. खोदकाम थांबवा आणि वस्तू कुठल्या स्थितीत आहे ते पाहा

दोन शक्यता असतात. एक, वस्तू आधीच ढिगात, नांगराच्या तासात किंवा नाल्याच्या पात्रात सुटी पडली आहे. तिची मूळ जागा गेलेली आहे, त्यामुळे ती नोंद करून उचलता येते. दोन, वस्तू न हललेल्या मातीत रुतलेली आहे, खड्ड्याच्या भिंतीतून डोकावते आहे. ही उपसू नका. सब्बल लावून सोडवायचा मोह प्रत्येकाला होतो, विशेषतः जेसीबीवाला तासाचे पैसे मोजत उभा असला की. तेवढा भाग सोडून बाजूला काम करायला सांगा, वर ताडपत्री टाका आणि थेट पायरी ७ वर जा. फोटो आणि मोजमापं मात्र घ्या.

आजूबाजूला मोठ्या दगडधोंड्यांचं वर्तुळ दिसत असेल तर एक ढेकूळही हलवू नका. नागपूरच्या भोवती अशी शिलावर्तुळं पुष्कळ आहेत. काटोल रस्त्याकडच्या जुनापाणीलाच सुमारे ३०० आहेत, आणि रिव्हेट-कार्नाक या ब्रिटिश अधिकाऱ्यानं त्यांच्याविषयी १८७९ सालीच लिहून ठेवलं आहे. ही अडीच हजार वर्षांपूर्वीची दफनं. त्यांत माणसांच्या अस्थींसोबत भांडी, मणी आणि लोखंडी अवजारं पुरलेली असतात. माहुरझरीला तर घोडा पुरलेला आणि त्याचे तांब्याचे अलंकार, लोखंडी लगाम सापडले. 'गुप्तधन' आहे म्हणून ही वर्तुळं रात्री उकरणारे लोक आहेत. त्यांना सोनं मिळत नाही आणि आपली माहिती कायमची जाते.

एक गंभीर इशारा. सीताबर्डीची लढाई नोव्हेंबर १८१७ मधली, कामठीची छावणी १८२१ पासूनची. या भागात तोफगोळेही निघू शकतात. गोल किंवा नळकांड्यासारखी, एका बाजूला भोक किंवा बूच असलेली लोखंडी वस्तू दिसली तर ती स्फोटक असू शकते. हात लावू नका, ठोकू नका, लोकांना दूर करा आणि ११२ ला फोन करा. या एका बाबतीत नोंदवही नंतर.

२. उचलण्याआधी जागा लिहून घ्या

नवखी माणसं इथेच चुकतात, कारण डोळे वस्तूवर खिळलेले असतात. पण गंजलेल्या लोखंडाचा काळ लोखंडावरून क्वचितच ठरतो. तो ठरतो सोबत काय होतं त्यावरून. म्हणून लिहा:

- तारीख, वेळ, कोणी पाहिलं, कशानं निघालं (नांगर, जेसीबी, पावसाचा ओघळ)
- मौजा, तालुका, हलका नंबर, खसरा नंबर
- मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश. मोबाइल पाच-दहा मीटर इकडेतिकडे दाखवू शकतो, म्हणून दोन पक्क्या खुणांपासून टेपनं अंतरही मोजा: विहिरीचा कठडा, धुऱ्यावरचं कडुनिंबाचं झाड
- जमिनीच्या पृष्ठभागापासून खोली. ढिगातली वस्तू असेल तर 'खोली अज्ञात' असं स्पष्ट लिहा. अंदाजानं '३ फूट' लिहू नका
- माती: काळी चिकण, पांढरी राखट, मुरूम, वाळू
- शेजारी काय: खापरं, कोळसा, राख, हाडं, मणी, काचेसारखा वितळलेला मळ

खापरांकडे विशेष लक्ष द्या. आतून आणि काठाला काळं, बाहेरून खाली तांबडं असलेलं खापर दिसलं तर ती महापाषाणीय काळाची मोठी खूण असू शकते. खापरं गोळा करून आणू नका. जिथे आहेत तिथेच फोटो काढा.

३. फोटो: कमी काढा, पण कामाचे

तीन प्रकारचे फोटो पुरेत. लांबून एक, ज्यात वावर आणि खूण दिसेल. मधला एक, ज्यात खड्डा किंवा ढीग आणि वस्तू दिसेल. जवळचे चार-पाच, दोन्ही बाजूंनी, कडेनं आणि तुटलेल्या टोकाचे. प्रत्येक जवळच्या फोटोत फूटपट्टी वस्तूच्याच पातळीवर ठेवा. वस्तूच्या वर आडवी ठेवली की वस्तू लहान दिसते. उत्तर दिशा दाखवणारा कागदी बाण ठेवा आणि पाटीवर नोंद क्रमांक लिहा.

उजेड बाजूनं, कोवळा हवा. माध्यान्हीच्या उन्हात गंज सपाट दिसतो, सगळे उंचवटे पुसले जातात. सकाळी नऊच्या आधी किंवा चारनंतर काढलेल्या फोटोत कडा उठून दिसतात. दुपारीच काढायची वेळ आली तर छत्रीची सावली करून एका बाजूनं मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. मी वर्गात मुलांना छायाप्रकाश शिकवते, तोच धडा. माझ्या त्या हललेल्या फोटोत फुली दिसली तीही संध्याकाळच्या तिरप्या उन्हामुळे.

फ्लॅश नको, आणि 'ब्युटी' फिल्टर चालू राहिला असेल तर बंद करा. हसू नका. माझ्याकडे एका गुळगुळीत, गोऱ्यापान भाल्याच्या टोकाचा फोटो आहे.

४. उचलायचं कसं

सुटी वस्तू दोन्ही तळव्यांवर घेऊन खालून आधार देत उचला. टोकाला धरून ओढू नका. आतला धातू संपलेला असला तर ती वाळलेल्या बिस्किटासारखी मधोमध तुटते. चिकटलेली माती तशीच राहू द्या, फक्त सैल ढेकळं मऊ ब्रशनं झटका. तुकडे पडले तर सगळे तुकडे, बारीक पापुद्रेसुद्धा, एकाच पिशवीत घाला. फेव्हिक्विकनं जोडू नका. हे मी कळकळीनं सांगते, कारण जोडून आणलेली एक विळ्यासारखी वस्तू मी पाहिली आहे. तिच्यात एक तुकडा उलटा बसवलेला होता आणि तो आता निघत नाही.

पाण्यानं धुवायचं नाही. चिंच, लिंबू, व्हिनेगर, फॉस्फरिक आम्लाची बाटली, रॉकेल, खोबरेल तेल, वार्निश यातलं काहीही लावायचं नाही. यूट्युबवर चकचकीत करून दाखवणारे लोक गंज काढतात आणि त्यासोबत वस्तूही काढतात.

५. ओळख: अवजार, मळ की नुसता दगड?

घाईनं नाव ठेवू नका. आधी एवढंच ठरवायचं, की ही माणसानं घडवलेली लोखंडी वस्तू आहे का.

चुंबक वस्तूला चिकटवायचा नाही. जोराचा चुंबक पापुद्रा ओढून काढतो, त्यामुळे स्पीकरमधला चुंबक तर मुळीच नको. दोऱ्याला बांधलेला छोटा चुंबक लंबकासारखा लटकता धरा आणि वस्तूच्या बाजूला हळूहळू न्या. झपकन ओढला गेला तर आत धातू शिल्लक आहे. किंचित कलला तर थोडा धातू असेल किंवा गंजातलं मॅग्नेटाइट (चुंबकाला ओढणारं लोहाचं खनिज) असेल. हललाच नाही तर 'लोखंड नाही' असा निष्कर्ष काढू नका. पूर्ण गंजून गेलेली खरी प्राचीन वस्तूही चुंबकाला दाद देत नाही. उलट नागपूरच्या पश्चिमेकडचा काळा बेसाल्ट दगड मॅग्नेटाइटमुळे चुंबकाला थोडा ओढतो, आणि नवखा माणूस दगडाला कुऱ्हाड समजून घरी आणतो. मीही आणला आहे. आता तो कागदांवर वजन म्हणून ठेवते.

फसवणाऱ्या आणखी गोष्टी:

- मातीत तयार झालेले लोहखडे. गोलसर आणि मिरचीच्या बियांपासून लिंबाएवढे. फुटलेल्या भागात कांद्यासारखे थर दिसतात, सरळ कड किंवा समांतर बाजू नसते.
- मँगनीज. मनसर, कांद्रीकडची खनिजं काळी आणि जड. हाताला काळं लागतं, पण केशरी-तपकिरी गंज नसतो.
- लोखंडाचा मळ, म्हणजे कीट. भट्टीत लोखंड गाळताना निघालेला. बुडबुड्यांची भोकं, वितळून ओघळल्याच्या वळ्या, मध्येच काचेसारखी चकाकी. हा 'कचरा' म्हणून फेकू नका. नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. मळ दिसला म्हणजे जवळपास कोणीतरी लोखंड करत किंवा घडवत होतं. एखादा तुकडा उचलण्यापेक्षा मळ किती परिसरात पसरला आहे ते पावलांनी मोजून लिहा.

वस्तू आहे असं वाटलं तर भिंगातून तुटलेलं टोक पाहा. बाहेर वाळू मिसळलेला थर, आत घट्ट गडद थर, मध्ये धातू किंवा पोकळी, अशी वर्तुळं दिसली तर ती बहुधा घडवलेली वस्तू. मग आकार: एका टोकाला निमुळती शेपटी (दांड्यात बसवायची), एक बाजू पातळ आणि दुसरी जाड (पातं), पोकळ नळी (भाल्याचं टोक दांड्यावर बसतं ती). हाडाजवळ निघालेल्या लोखंडावर कधी निळे डागही असतात. तो फॉस्फेटचा गंज असतो, तांबं समजू नका. तांब्याचा गंज हिरवा, आणि तो वेगळा लिहा, कारण विदर्भातल्या काही कट्यारींची पाती लोखंडाची आणि मुठी तांब्याच्या आहेत.

आता सगळ्यात मोठा सापळा: जाड गंज म्हणजे जुनी वस्तू. असं काही नसतं. ओल्या काळ्या मातीत चाळीस वर्षं पडलेली वखराची पास आणि दोन हजार वर्षांची सुरी वरून सारखीच दिसू शकते. बैलगाडीच्या चाकाची धाव, बैलाच्या खुराचा नाल, फाळ, पहारीचं टोक, खुरप्याची शेपटी, कुंपणाची खिळे-तार हे आपल्या वावरात सगळ्यात जास्त निघतं. गोल, एकसारख्या जाडीचा तारेचा खिळा, आटे असलेला बोल्ट, वेल्डिंगचा टाका, सगळीकडे सारख्या जाडीचा पत्रा दिसला तर वस्तू यंत्रयुगातली. पण याच्या उलट, हातानं ठोकलेलं दिसलं म्हणून प्राचीन, असंही नाही. गावच्या लोहारानं घणानं ठोकलेली अवजारं परवा-परवापर्यंत वापरात होती. गावातल्या म्हाताऱ्या लोहारकाकांना किंवा शेतकऱ्यांना फोटो दाखवा. एकदा 'प्राचीन शस्त्र' म्हणून आणलेल्या वाकड्या काट्याकडे बघून एका आजोबांनी सांगितलं, "हे तं विहिरीत पडलेली बालटी काढाचा गळ होय, बाप्पा." वाद संपला.

म्हणून वहीत 'कुऱ्हाड' न लिहिता 'कुऱ्हाडीसारखं पातं, खात्री नाही' असं लिहा. खात्रीचं आणि अंदाजाचं कायम वेगळं ठेवा.

६. मोजा आणि चितारा

जास्तीत जास्त लांबी, रुंदी, जाडी मिलिमीटरमध्ये मोजा. जाडी किमान दोन ठिकाणी घ्या. वजन मातीसकट आणि 'मातीसकट' असं लिहून. कॅलिपरचे जबडे घट्ट आवळू नका.

चित्र आलेख कागदावर, मूळ मापात. वस्तू कागदाच्या वर फोमवर ठेवून पेन्सिल कागदाला काटकोनात धरायची आणि कडेपासून थोडं अंतर राखून फिरायचं. पेन्सिल वस्तूला घासायची नाही. नंतर कॅलिपरनं मापं तपासून रेषा दुरुस्त करायची. गंजाची फुगवटी तुटक रेषेनं दाखवा आणि जिथे मूळ कड दिसते असं वाटतं तिथे अखंड रेषा काढा. बाजूला आडवा छेद काढा. फोटोत छेद कधीच येत नाही, आणि छेदावरूनच सुरी आणि छिन्नी यातला फरक कळतो. सुंदर काढायचा प्रयत्न करू नका. माझी पहिली चित्रं इतकी सुंदर होती की ती कुठल्याच वस्तूसारखी दिसत नव्हती.

माझ्या वहीतली एक नोंद, जागेचे तपशील वगळून:

*नोंद ११. विहिरीच्या खोदकामातला ढीग, ईशान्य कोपरा. खोली अज्ञात (मजुराच्या सांगण्यावरून 'कमरेएवढी'). काळी माती, खाली मुरूम लागला होता. शेजारी: काळी-तांबडी खापरं ३, कोळसा नाही, हाड नाही. लांबी १४६, रुंदी ४१, जाडी १२ ते २० मिमी. वजन २१२ ग्रॅम मातीसकट. एक टोक रुंद व पातळ, दुसरं तुटलेलं (तुटलेला भाग जुना, त्यावरही गंज). चुंबक: किंचित. तुटलेल्या टोकात मध्ये पोकळी. वरच्या बाजूला २ सेंमी भागात उभे तंतू, लाकूड? छिन्नी किंवा चपटी कुऱ्हाड, खात्री नाही. फोटो ११-१ ते ११-९.*

'तुटलेला भाग जुना की ताजा' हा मुद्दा बहुतेकांच्या वहीत नसतो. ताजा असेल तर उरलेला तुकडा त्याच ढिगात आहे, परत जाऊन बघा.

७. कळवा. हा ऐच्छिक भाग नाही

भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार जमिनीत सापडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची दडलेली वस्तू 'निधी' ठरू शकते. ती सापडल्यावर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं: काय आहे, अंदाजे किती किमतीचं, कुठे आणि कधी सापडलं. गंजलेल्या लोखंडाची किंमत किती, असा वाद घालत बसू नका. कळवून मोकळं व्हा. पुराणवस्तू आणि कलानिधी अधिनियम, १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुराणवस्तू ठरू शकते. तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. भंगारवाल्याला किलोनं विकणं तर दूरच राहिलं. संरक्षित स्थळावर विनापरवाना खोदणं हा वेगळा गुन्हा आहे.

अर्ज एका पानाचा करा. त्याच्या दोन प्रती काढा आणि एकीवर पोचशिक्का घ्या. एक अर्ज तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना, प्रत राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या नागपूर कार्यालयाला. जागा शिलावर्तुळाची किंवा केंद्राच्या संरक्षित स्थळाजवळची असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळालाही. ओळख पटवायला राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागात विचारता येतं. अर्जासोबत वहीच्या पानाची झेरॉक्स, चित्र आणि तीन-चार छापील फोटो जोडा. नुसते 'काहीतरी पुरातन सापडले आहे' असे अर्ज टेबलावर पडून राहतात. माझा पहिला अर्ज तसाच होता. दुसऱ्यांदा चित्र आणि खसरा नंबर जोडला तर आठवड्यात फोन आला.

शेतकऱ्याला एक भीती असते: सरकार जमीन घेईल, विहीर बंद करेल. त्यामुळे वस्तू गुपचूप नाल्यात जाते. एका सुट्या वस्तूची नोंद झाली म्हणून वावर जात नाही, हे त्याला शांतपणे, चहा पिताना सांगा. कागद दाखवून सांगू नका, कागदानं भीती वाढते.

आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लोकेशन टाकू नका. फोटोत लोकेशन आपोआप जोडलेलं असतं, ते काढूनच पाठवा. नाहीतर दुसऱ्या रात्री फावडी घेऊन कोणीतरी हजर.

८. सुपूर्द होईपर्यंत कोरडं ठेवा

जमिनीतलं मीठ, म्हणजे क्लोराइड, गंजाच्या आत धातूच्या लगत साठलेलं असतं. वस्तू बाहेर हवेत आली, त्यात दमटपणा मिळाला की तिथे नवा गंज सुईसारख्या कणांनी वाढू लागतो आणि वरचे थर ढकलून उचलतो. वस्तूवर तपकिरी-पिवळे थेंब किंवा बारीक पोकळ फोड दिसले तर समजा, हे सुरू झालं आहे. माझं माळ्यावरचं ढेकूळ याच रोगानं गेलं, आणि रोग मीच बंद पिशवीत ओल धरून पोसला.

उन्हात वाळवू नका. मे महिन्यात नागपूरच्या गच्चीवर ती चटकन तडकते. घरात, सावलीत, वर्तमानपत्रावर चार-पाच दिवस ठेवा. नंतर भोकं पाडलेल्या झिपच्या पिशवीत, नोंदीची चिठ्ठी वेगळ्या छोट्या पिशवीत घालून, दोन्ही घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात फोमवर ठेवा. डब्यात सिलिका जेल भरपूर घाला, वस्तूच्या वजनाएवढं तरी. आतली आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली, जमल्यास १५ च्या खाली राहिली पाहिजे. रंग बदलणारं जेल घ्या. केशरी असेल तर कोरडं, हिरवट झालं की तव्यावर नव्हे, ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवून परत वापरा. जुलै-ऑगस्टमध्ये दर आठवड्याला पाहावं लागतं, हिवाळ्यात महिन्यातून एकदा. लाकडी पेटी नको, लाकडातून आम्लाची वाफ निघते. कापूस नको, तो तंतूंना चिकटतो.

एक अपवाद: विहिरीच्या तळातून किंवा नदीच्या पात्रातून ओलीच निघालेली वस्तू. तिच्यावर लाकूड किंवा चामडं असेल तर ती वाळवू नका. त्याच पाण्यात बुडवून, झाकून ठेवा आणि त्याच दिवशी तज्ज्ञाला विचारा.

९. नेऊन देताना

डबा दुचाकीच्या डिकीत टाकू नका, हिंगणा रोडवरच्या गतिरोधकांनी आतली वस्तू अर्धी मोडते. ऑटोत किंवा बसमध्ये मांडीवर, आडवा धरा. झाकणावर नोंद क्रमांक आणि 'उलटू नका' लिहा. तिथे गेल्यावर वस्तू हातात देण्याआधी त्यांच्यासमोर डबा उघडून फोटोशी ताडून दाखवा आणि वस्तू मिळाल्याची पावती घ्या. पावतीवर तुकड्यांची संख्या आणि वजन लिहिलेलं असू द्या. क्ष-किरण तपासणी होणार असेल तर तिचा निकाल कळवा म्हणून विनंती अर्जातच लिहा. गंजाच्या गोळ्याच्या आत नेमका काय आकार आहे ते त्यातच दिसतं, आणि तुमच्या चित्रातली अखंड रेषा बरोबर होती का तेही.

पावती, अर्जाची पोच आणि वहीचं पान एकत्र टाचून ठेवा. मामा त्याची प्रत सातबाऱ्याच्या फायलीत ठेवतो. शेततळ्यातली ती दोन ढेकळं माझ्या वहीत 'नोंद ०' म्हणून आहेत: एक हललेला फोटो, आणि बाकी सगळ्या रकान्यांत 'घेतली नाही'.